वारकरी बाप, ख्रिस्ती मुलगा आणि नरकाचा प्रश्न

पत्राचा सारांश: हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्यांचं वय ४५च्या आसपास, कोरडवाहू कापूस-तुरीची शेती. विशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरातले बाकी सगळे वारकरी. ते आणि धाकटा भाऊ एकाच वाड्यात राहतात, चुली वेगळ्या. ते पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाहीत, पण घरप्रार्थनेत बायबलच्या वचनावर बोलतात, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, छोट्या मासिकात लिहितात. गेल्या चैत्रात वडील वारले. तुळशीची माळ शेवटपर्यंत गळ्यात होती. यंदा हिवाळ्यात जवळच्या गावी रात्रीच्या सभा झाल्या. तिथं बाहेरगावच्या प्रचारकांनी सांगितलं की बाप्तिस्मा न घेता मेलेला प्रत्येक जण या घडीला नरकात जळतो आहे, मग तो तुमचा बाप का असेना. ९ वर्षांची मुलगी सोबत होती. दुसऱ्या दिवशी ती धाकट्या चुलतभावाला म्हणाली, "आबाजी जळून राहिले, तू पण जळशील." पोरगं रडत घरी गेलं. रात्री भाऊ दारात येऊन उभा राहिला: "तुह्या देवाच्या घरी आमच्या बापाले जागा नाही का?" तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. त्यातच मासिकानं लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) अंकासाठी 'तारण आणि नरक', म्हणजे उद्धार आणि नरक, यावर लेख मागितला आहे. पत्नी म्हणते, दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बाबांनी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणायला लावलं होतं, म्हणजे मनातून त्यांनी ख्रिस्ताला मानलंच होतं, तसं लिहून मोकळे व्हा. लिहिणाऱ्यांचे प्रश्न: बाबा नरकात आहेत का? मुलीला काय सांगू? आणि 'मला माहीत नाही' असं लिहिलं, तर तो विश्वासाशी द्रोह ठरेल का?

भाऊ,

धर्मशास्त्राकडे नंतर येऊ. आधी मुलीला घेऊन भावाच्या घरी जा, आज संध्याकाळी गेलात तरी चालेल. तिला माफी मागायला लावू नका. तिनं जे ऐकलं तेच ती बोलली, आणि ते ऐकायला तिला मोठी माणसंच घेऊन गेली होती. बोलायचं ते तुम्ही, आणि भावाच्या आधी त्या पोराशी: "बाबू, आबाजी जळून राहिले असं कोणालेच मालूम नाही. ताई भेली होती म्हणून बोलली." एवढं पुरे. भावजयीनं चहा ठेवला तर बसून प्या, पोरांना तिथंच खेळू द्या.

भावाचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहून पाठवलंत. मला तो टोमणा वाटला नाही. बाप त्याचाही गेलाय, आणि आपल्या बापाला कुठंतरी दारातून हाकललं गेलं असं त्याला त्याच्याच भावाच्या घरातून कळलं. त्याला उत्तर देताना वचनं काढू नका. "बाबांना जागा नाही असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही" हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. हे म्हणताना तुम्ही ख्रिस्ताला नाकारत नाही. का नाही, ते आता सांगते.

बाबा नरकात आहेत का, हे मला माहीत नाही. प्रचारकांनाही नाही. स्वर्गाचा सातबारा खिशात असल्यासारखं बोलणारी माणसं मी बरीच ऐकली आहेत, आणि भोंग्याचा आवाज जितका मोठा तितकी खात्री मोठी, असाच माझा अनुभव आहे. पण त्यांचं सोडा. तुमच्या पत्रात मला एक गृहीत धरलेली गोष्ट दिसली: निकाल लागलाच पाहिजे, तो तुम्हीच लावला पाहिजे आणि तोही लेंटच्या अंकाच्या मुदतीच्या आत. हे काम तुमच्याकडे दिलं कोणी?

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, उघडा आणि नरकाचे उल्लेख एकामागून एक वाचा. दर ठिकाणी एवढंच बघा, की येशू हे कोणाच्या तोंडावर बोलतोय. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय) नरकाग्नीचा उल्लेख येतो तो आपल्या भावावर संतापणाऱ्या, त्याला 'मूर्खा' म्हणून हिणवणाऱ्या माणसासाठी. समोर बसलेत शिष्य. मत्तय २३ मध्ये समोर आहेत शास्त्री आणि परूशी, म्हणजे आपण तर नक्की वाचणार असं धरून चाललेले धर्मशील लोक. न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी यांवर त्या रात्री जोरदार वर्णन झालं, असं तुम्ही लिहिलंय. तो उतारा मार्कच्या ९व्या अध्यायातला. तो सुरू कुठून होतो ते वाचलंत? ४२व्या ओवीपासून. विश्वास ठेवणाऱ्या या लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात टाकलेलं बरं, असं येशू आधी म्हणतो आणि मग अग्नीकडे वळतो. तुमच्या मुलीला रात्रीची झोप नाही, आणि तिला घाबरवायला नेमका हाच उतारा वापरला गेला. यावर मी जास्त काही बोलत नाही.

लूक १६ मधला श्रीमंत माणूस घ्या. तो यातनेत आहे, पण का? त्याचा धर्म चुकीचा होता म्हणून नव्हे. तो अब्राहामाला 'बापा' म्हणतो, अब्राहामही त्याला 'मुला' म्हणतो. म्हणजे माणूस घरातलाच. त्याच्या दाराशी लाजर फोडांनी भरून पडला होता आणि हा रोज मेजवान्या झोडत होता, एवढाच त्याच्यावरचा आरोप. 'प्रभूजी, तारण होणारे थोडेच आहेत काय?' असं लूक १३ मध्ये एकानं सरळ विचारलं. आकडा मिळाला नाही. अरुंद दारानं आत जायचा तुम्ही नेटानं प्रयत्न करा, असं उत्तर आलं. आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून 'याचं काय?' असं विचारतो, तेव्हा येशू त्याला म्हणतो: त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.

येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याबद्दल एक फार कठोर वाक्य आहे, ते मी लपवत नाही. पण तेही तो जिवंत असताना, त्याच पंगतीत बसलेला असताना उच्चारलेलं. कोणाच्या मेलेल्या बापाबद्दल, आजीबद्दल, शेजाऱ्याबद्दल येशूनं असा निकाल दिल्याचं मला चारही शुभवर्तमानांत सापडत नाही. नरकाची वचनं ऐकणाऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. तुम्ही ती वळवून बाबांच्या बाजेकडे लावलीत, म्हणजे खरं तर ती तुम्हाला तशी लावून दिली गेली.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही वाचणारे आहात आणि ही वचनं तुमच्यासमोर कोणी ना कोणी ठेवेलच. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' (योहान १४). 'तारण दुसऱ्या कोणाकडून नाही' (प्रेषितांची कृत्ये ४). ही खोडून टाका असं मी कधीच सांगणार नाही, माझाही विश्वास त्यांच्यावरच उभा आहे. फक्त ती काय सांगतात तेवढंच त्यांच्याकडून घ्या. तारण करणारा कोण, हे ती सांगतात. त्याचा हात कुठवर पोचतो याची हद्द ती आखत नाहीत. मार्क १६ मध्ये शिक्षेची गोष्ट विश्वास न धरण्याशी जोडली आहे, बाप्तिस्मा न घेण्याशी नाही. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या ज्या चोराला त्यानं स्वर्गाचं वचन दिलं, त्याला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं नव्हतं. रोमकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात प्रेषित पौल तर म्हणतो, की मोशेचं नियमशास्त्र नसलेल्यांच्या अंतःकरणात त्याचं काम लिहिलेलं असतं.

रोमन कॅथलिक मंडळीनं १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहूनच ठेवलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तुम्ही म्हणाल, बाबांना कळलं नव्हतं असं कुठं? मुलगाच ख्रिस्ती, रोज डोळ्यांसमोर. बरोबर, म्हणून ही सोपी पळवाट मी तुम्हाला देत नाही. पण त्यांनी काय ऐकलं याचा विचार करा. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही घरातला प्रसाद नाकारायचा आणि आईनं दिलेलं ताट परत करायचा, हे तुमच्याच पत्रात आहे. त्याच बाबांनी धाकट्याला सांगून ठेवलं होतं, "रविवारी त्याले वावरात नको बोलावू", आणि ऐन डवरणीच्या दिवसांतही तो शब्द पाळला, हेही आहे. या माणसानं नाकारलं ते नेमकं काय? ख्रिस्ताला, की ख्रिस्ताच्या नावानं परत आलेल्या ताटाला? मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही. म्हणूनच न्याय आपल्याकडे नाही ते बरं आहे. देव नाश करायला निघालेल्या सदोम शहरासाठी घासाघीस करताना अब्राहामानं देवाला विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी त्याच प्रश्नावर भार टाकून आहे.

लेखासाठी थोडा इतिहास लागेल, तो भराभर देते. दुष्टांचं शेवटी काय होतं, याबद्दल मंडळीत कधीच एकमत नव्हतं. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताला आशा होती, की शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेच्या सुमाराला त्याच्या शिकवणीचा निषेध झाला, पण जवळपास तशीच आशा धरणारा निस्साचा ग्रेगरी आजही संत म्हणून मानला जातो. ऑगस्टीन या धर्मपंडितानं मत्तय २५च्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: जीवन सार्वकालिक, तर शिक्षाही सार्वकालिक. पश्चिमेकडच्या मंडळीत पुढं हेच मत रुजलं आणि आपल्याकडे मिशनऱ्यांबरोबर आलं तेही हेच. तिसरं मत असं, की अग्नी छळत राहत नाही, नाश करून संपवतो. इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन स्टॉट, ज्यांचं नाव आपल्याकडचे कडवे लोकही आदरानं घेतात, त्यांनी १९८८ मध्ये हे मत छापून मांडलं, तेही जपून, आग्रह न धरता. म्हणजे तिन्हीकडे बायबल गुडघ्यावर घेऊन बसलेली माणसं आहेत. 'मला माहीत नाही' म्हणणारा यातल्या कोणापेक्षाही कमी विश्वासू ठरत नाही.

माझं स्वतःचं? मी न्याय मानते, नरकही मानते. आपल्या भागात राहून न मानणं मला जमत नाही. व्याजापायी ज्यांनी दुसऱ्याचं वावर आणि घर दोन्ही गिळलं आणि जे सुखात म्हातारे होऊन मेले, त्यांचा हिशेब कुठंच होणार नाही, असं मी त्या घरातल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगू? पण त्या दाराची चावी माझ्याकडे आहे, असं मी मानत नाही. देवानं माझ्याहून कमी दया दाखवावी ही अपेक्षा तर अजिबात नाही.

इथं थोडं थांबून दुसऱ्या काही वाचकांशी बोलते. याच प्रकारच्या सभांतून 'आत्महत्या करणारा थेट नरकात' असंही सांगितलं जातं, आणि नवरा किंवा मुलगा तसा गेलेल्या बायकांच्या काळजावर ते डाग दिल्यासारखं बसतं. बायबलमध्ये स्वतःचा जीव घेतलेली माणसं आहेत. त्यातल्या अहिथोफेलबद्दल २ शमुवेल १७ मध्ये लिहिलंय, की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. तिथं दुसरा शेरा नाही. कॅथलिक मंडळीची १९९२ची धर्मशिक्षणाची अधिकृत मांडणीही म्हणते, की अशा माणसांच्या तारणाची आशा सोडू नये, देवाला त्यांच्यापर्यंत पोचायच्या वाटा माहीत आहेत. तेव्हा बायांनो, हे ओझं उतरवा. आणि घरात कोणाच्या मनात असे विचार घोळत असतील, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं.

परत तुमच्याकडे. पत्नीचं म्हणणं प्रेमापोटी आहे, ते तोडून टाकू नका, पण ऐकूही नका. बाबांनी टिळकांचं भजन म्हणायला लावलं याचा मला आनंद झाला आणि आश्चर्य अजिबात वाटलं नाही. नारायण वामन टिळक आपल्याच भागातून त्या वाटेला लागले. नागपुरात बुटी या धनिकांकडे काम करून राजनांदगावला निघाले असता, १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार दिला. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचं भजन वारकऱ्याच्या कानाला परकं लागतच नाही. बाबांनी त्यात आपला अभंग ऐकला असेल, किंवा नुसता मुलाचा आवाज. त्यावरून त्यांना गुपचूप ख्रिस्ती ठरवणं म्हणजे मेल्यावर त्यांचा बाप्तिस्मा उरकणं. माळ घालून जगलेल्या माणसाची माळ आपण कागदावर काढून घ्यायची, हे मला बरं वाटत नाही. आणि भावानं ते वाचलं तर? आधी त्याच्या बापाला नरकात टाकलं, आता त्याचा बापच पळवला.

टिळकांच्या घरातली गोष्ट तुमच्या कामाची आहे. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर, माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढं त्या नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळंओवळं आपल्या पद्धतीनं पाळत राहिल्या. एका छपराखाली दोन धर्म. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या काळात त्या देवाच्या कुठल्या यादीत होत्या? टिळकांना तो प्रश्न पुढंही छळत असावा. कारण १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसतील असं ठरवलं. मंडळीतल्या अनेकांना ते रुचलं नाही. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते काम वाढायचं राहिलं. पण मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही, एवढं तुमच्या वाचकांना जरूर सांगा.

मत्तय २५ चंही सांगते. त्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा पाहतो ते असं: भुकेल्याला खायला दिलं का, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस. आता आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेला गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश आठवा: भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, पुढं बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार. शेंडगावचा, हातात खराटा घेऊन फिरणारा हा माणूस आणि मत्तयातला राजा जवळजवळ एकाच क्रमानं बोलतात. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. पण हे वाचून बाबांच्या पुण्याची यादी करायला बसू नका. मग तीही निकालपत्रिकाच झाली, फक्त या बाजूची. त्या अध्यायात राजानं वाचलेले म्हणून उजवीकडे आणि दोषी म्हणून डावीकडे काढलेले, दोघंही चकित होतात, 'प्रभूजी, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?' म्हणून विचारतात. आपला नंबर कुठं लागणार हे तिथं कोणालाच आधी माहीत नसतं.

मुलीला काय सांगायचं? पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की ओसरीवर आबाजींची बाज अजून तशीच आहे आणि पोरगी तिकडून जात नाही, वळसा घालून मागच्या दारानं ये-जा करते. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातली तातडीची ओळ हीच आहे. तिला आबाजींचा प्रश्न आहेच, पण त्याखाली दुसरा आहे: चुलतभाऊ जळेल का, काकू जळेल का, मी चुकले तर मीही? म्हणून सिद्धान्त सांगू नका. एखाद्या दुपारी तुम्ही स्वतः त्या बाजेवर जाऊन बसा, तिला हाक मारा. आली तर ठीक, नाही आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आणि तुमच्याच बोलीत सांगा: "आबाजी कुठं आहे ते मले मालूम नाही. देवाले मालूम आहे. तो आबाजीले माह्यापेक्षा जास्त ओळखते, आणि तो वाईट नाही." ती पुन्हा विचारेल, चार दिवसांनी परत विचारेल. उत्तर तेच ठेवा. मग आबाजींच्या गोष्टी सांगा, ते तिला कसं खांद्यावर घेऊन पोळ्याला न्यायचे वगैरे. संडे स्कूलच्या शिक्षिकेलाही भेटा आणि नम्रपणे सांगा, की या वयाच्या मुलांना आगीची चित्रं दाखवू नका. बहुतेक शिक्षिका ऐकतात, कोणी सांगतच नाही म्हणून चालू राहतं. आणि अशा रात्रीच्या सभांना तिला नेणं बंद.

लेखाचं बोलू. लिहा, टाळू नका. तुमच्या मंडळीत ज्यांचे आईबाप हिंदू, बौद्ध म्हणून गेले अशी घरं कमी नसतील, आणि ती सगळी हा प्रश्न गिळून बसली असणार. पण लेखात बाबांना आणू नका, निदान या लेखात. जखम ओली आहे, आणि छापलेलं भावाच्या हातात जाणारच. त्या प्रचारकांनाही आणू नका, नाहीतर लोक विषय सोडून त्या भांडणावरच बोलतील. नरकाची वचनं कोणाला उद्देशून आहेत ते एकेक उतारा घेऊन दाखवा, जुनी मतं थोडक्यात मांडा आणि तुम्हाला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं सरळ लिहा. रोमकरांस पत्राचे ९ ते ११ अध्याय लिहिण्याआधी सलग वाचा. ९व्याच्या सुरुवातीला पौल आपल्या भाऊबंदांसाठी इतका कासावीस आहे, की त्यांच्यासाठी मीच ख्रिस्तापासून वेगळा होऊन शापभ्रष्ट व्हावं, असं म्हणून जातो. आणि ११व्याच्या शेवटी, एवढा वाद घातल्यावर, देवाचे निर्णय किती अगम्य म्हणून हात जोडतो. स्वतःच्या रक्ताच्या माणसांसाठी झोप उडणं हा अविश्वास असता, तर पौलानं ते पान लिहिलंच नसतं.

छापायला देण्याआधी मसुदा तुमच्या पाळकसाहेबांना दाखवा. परवानगी म्हणून नव्हे, ते तुमचे आहेत म्हणून. उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर त्यांनी तो आधी वाचलेला असावा. ते घाबरले, तर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, निवृत्त पाळकाकडे जाऊन बसा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळातच होती, नंतर ती पुण्याला गेली. त्या काळात तिथं शिकलेली माणसं शोधली तर भेटतील, आणि त्यांनी हे वाद पुस्तकांतून वाचलेले असतात, भोंग्यावरून ऐकलेले नाहीत. संपादकांनी लेख नाकारला तर रुसू नका आणि मंडळी सोडायची भाषा करू नका. लहान मंडळीत एक घर बाजूला पडलं तर दोन्हीकडचं नुकसान होतं, आणि दफनाच्या वेळी खांदा द्यायला हीच माणसं येतात.

शेवटी वर्षश्राद्धाचं, कारण चैत्र जवळ आलाय आणि तुम्ही तो विषय पत्रात अर्ध्यावर सोडलाय. तेरवीला तुम्ही दिवसभर वावरात जाऊन बसलात, असं लिहिलंय. या वेळी तसं करू नका. पिंडदानाला बसणं तुमच्या विवेकाला पटत नसेल तर बसू नका, ते धाकटा करेल. पण ते भावाला आत्ताच सांगा, त्या दिवशी सकाळी नको. काय करणार नाही ते एका वाक्यात सांगा आणि काय करणार ते सविस्तर: लाकडं आणणं, पाणी भरणं, पाहुण्यांना आणायला फाट्यावर गाडी घेऊन जाणं, पंगतीत वाढायला उभं राहणं. जेवणाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचा १०वा अध्याय वाचा. बोलावलं तर जा आणि पुढं ठेवतील ते खा, असं पौल सांगतो, त्याच्या मर्यादाही तिथंच घालून देतो. कुठवर जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. या बाबतीत एका ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. खर्चाचा अर्धा वाटा मात्र तुमचा, आणि तो त्यानं मागायच्या आत द्या.

लेख छापून आला तर अंक पाठवा. नाही आला तर हातानं लिहिलेला पाठवा, मला वाचायचाय.